भूत लपवू नका, त्याला काय हवंय ते लपवा

तुमचा प्रश्न वाचला आणि सोबत पाठवलेली कथाही पूर्ण वाचली. थोडक्यात प्रश्न असा, की वाईतल्या जुन्या वाड्याची गोष्ट लिहिलीय, पुण्याहून मुलगा वाडा विकायला येतो, अमावस्या आहे, कुत्री रडतायत, गार वारा, दार करकरतंय, आणि दुसऱ्या पानावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते तिचे पाय उलटे. एवढं सगळं टाकूनही मित्रमंडळी म्हणाली, 'हडळ आहे हे पहिल्याच पॅऱ्यात कळलं, भीती नाही वाटली.' आणि तुम्ही विचारताय की वातावरण अजून गडद कसं करू, भूत किती उशिरा दाखवू, शेवट कसा करू.

मी बावीसेक वर्षं दिवाळी अंकांसाठी याच प्रकारच्या कथा लिहितोय, दुसऱ्यांच्या कथांवर संपादनाचं कामही करतो, त्यावरून सांगतो. तुमच्या कथेत वातावरण कमी नाहीये, उलट इतकं आहे की माणूस दिसत नाही. मित्र 'आधीच कळलं' म्हणतात तेव्हा त्यांना नेमकं काय खटकलंय ते नीट बघा. भुताच्या गोष्टीत भूत असणार हे वाचणाऱ्याला नाव वाचूनच कळलेलं असतं, त्यासाठीच तो वाचायला बसलाय. त्यांना खटकलंय ते हे, की कळल्यानंतर पुढे काळजी करण्यासारखं काही उरलं नाही. ती हडळ तिथे का आहे, तिला या मुलाकडून काय पाहिजे, हे कथेत कुठेच नाही. ती फक्त दिसते. दिसली की संपलं.

माझी आजी राजापूरकडची, ती गोष्ट सांगायची तर शेवट आधीच सांगून टाकायची. 'त्या रात्री दादा विहिरीवरून परत आला तो आपला दादा नव्हता', इथूनच सुरुवात. आणि मग दादा संध्याकाळी काय जेवला, कंदिलात तेल कोणी भरलं, विहिरीवर का जायला लागलं, हे सगळं सावकाश. आम्ही पोरं घोंगडीत एकमेकांना चिकटून, कारण प्रत्येक साधी गोष्ट आता साधी राहिलेली नसायची, कंदिलात तेल भरलं म्हटलं तरी वाटायचं, भरू नका, जाऊ देऊ नका त्याला. म्हणजे कळण्याने सस्पेन्स मरत नाही.

सस्पेन्स म्हणजे काय हे मला कुठल्या पुस्तकापेक्षा घाटावर जास्त कळलं. दहाव्याला तुम्ही गेला असालच कधीतरी. भाताचे पिंड मांडलेत, सगळे चार पावलं मागे सरकून उभे, आणि पन्नास माणसं एका झाडाकडे बघतायत. कावळे आहेत. फांदीवर बसलेत, एखादा खाली उतरतो, पिंडाभोवती फिरतो, मान वाकडी करून बघतो आणि उडून जातो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग कुजबुज सुरू होते, 'काहीतरी राहिलंय मनात'. मोठा मुलगा पुढे होऊन हात जोडून म्हणतो, धाकट्याचं शिक्षण मी करीन, काळजी करू नका. कावळा येत नाही. सून म्हणते, सासूबाईंना मी सांभाळीन. नाही. मग मागून कोणीतरी दबक्या आवाजात एक नाव घेतं, जे त्या घरात वीस वर्षांत कोणी घेतलेलं नाही, आणि सगळ्यांच्या माना एकदम त्या बाजूला वळतात. अगदीच नाही शिवला तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, पण ते मनातून कोणालाच नको असतं.

या प्रसंगात एकही भुताटकीची गोष्ट नाही. भर सकाळची वेळ आहे. तरीही तुम्ही श्वास धरून असता, कारण गेलेला माणूस तिथे आहे हे सगळ्यांनी धरलेलंच आहे, प्रश्न एवढाच आहे की त्याला काय हवंय, आणि ते ओळखेपर्यंत तो हलणार नाही. भुताच्या गोष्टीचा सांगाडा माझ्या मते हाच. भूत आहे हे खुशाल लवकर कळू द्या, पण त्याची इच्छा काय हे एकेक अंदाज चुकवत शेवटपर्यंत न्या. आपल्याकडची भुतं तर सगळी अशा राहिलेल्या गोष्टींचीच आहेत. मुंजा म्हणजे मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो पोरगा, पिंपळावर अडकलेला. समंध पुरलेल्या धनावर किंवा घराण्यावर जीव अडकून बसलेला. तुमच्या हडळीचंही काहीतरी राहिलं असेल ना? तुम्ही तिला उलटे पाय दिलेत पण इच्छा दिली नाहीत.

आता वातावरणाबद्दल. अमावस्या, कुत्री, करकरणारं दार हे वापरूच नका असं मी म्हणत नाही, अडचण अशी आहे की वाचणाऱ्याने हे इतक्या वेळा वाचलंय की त्याला ते दिसतच नाही, तो 'हां, भुताची गोष्ट' असं मनात म्हणतो आणि पुढे जातो. कुत्री रडतायत म्हणण्याऐवजी रोज ओट्यावर झोपणारं कुत्रं आज रस्त्यापलीकडे जाऊन झोपलंय, एवढंच लिहा. रडणारं कुत्रं कुठल्याही गोष्टीत चालतं, ओटा सोडून गेलेलं कुत्रं याच ओट्याबद्दल काहीतरी सांगतं. पण हे जमायला एक अट आहे, ते कुत्रं रोज ओट्यावर झोपतं हे वाचणाऱ्याला आधी माहीत पाहिजे, तेही सहज, दुसऱ्याच कशाच्या ओघात सांगितलेलं.

मला जे सांगायचंय ते इथेच आहे. घराला एक शिस्त असते. कुठली खिडकी रात्री लावतात, देवापाशी समई कोण लावतं, कडी आधी की अडसर आधी, तांब्या कुठे, चपला कुठे. ही शिस्त वाचणाऱ्याच्या अंगवळणी पाडली की मग त्यात एकच गोष्ट हलवायची. एकच. ते हललेलं त्याच्या आपणहून लक्षात आलं पाहिजे, शक्यतो पात्राच्या आधी. अंधार आणि वारा फुकट मिळतो, ही शिस्त मात्र कमवावी लागते, आणि नवीन लिहिणारे बहुतेक जण तिथेच घाई करतात.

माझ्या एका कथेचं सांगतो, कारण ती चार वेळा लिहिली आणि प्रत्येक वेळी काहीतरी कळलं. कोकणातलं घर, आत्या वारलीय, तिचे दिवस होऊन महिना झालाय, भाचा घर आवरायला येतो. आत्याची एक सवय होती, रात्री न्हाणीतली बादली उपडी घालायची, पाल पडते म्हणून. लहानपणी हा विसरला की ओरडा खायचा. म्हणून आता तो एकटा असूनही पहिल्या रात्री बादली उपडी घालतो, आणि तेवढ्यापुरती त्याला आत्याची आठवण येते. वाचणाऱ्याला वाटतं हे आठवणीचं वाक्य आहे, पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली सुलटी आहे. भाच्याला वाटतं आपणच विसरलो. तो घाबरत नाही, मी त्याला घाबरू दिलं नाही. तिसऱ्या सकाळी बादली सुलटी आणि तळाला बोटभर पाणी. तो नळ घट्ट करतो, वर कौलांकडे बघतो, कुठे गळतंय का. माणूस असंच करतो, आधी नळ बघतो. चौथ्या सकाळी बादली न्हाणीत नाहीच. शोधत शोधत तो मागच्या दाराशी येतो, तर बाहेर पायरीच्या बाजूला बादली ठेवलीय, काठोकाठ भरलेली, आणि शेजारी तांब्या.

पहिल्या खर्ड्यात मी त्या पाण्याला लाल रंग दिला होता आणि आत्याचा चेहरा पाण्यात दाखवला होता. दुसऱ्यात चेहरा काढला पण भाच्याच्या अंगावर सरसरून काटा आणला, घशाला कोरड पाडली, हृदयाचे ठोके वाढवले. तेव्हा एका ज्येष्ठ संपादकांनी कथा परत पाठवली, समासात एकच प्रश्न लिहून, की आत्याने बादली बाहेर का ठेवली? मला उत्तर देता आलं नाही. मी ती बाहेर ठेवली होती कारण बाहेर असली की भीतीदायक वाटते. दोन महिने कथा पडून होती. मग गावी एका मयताला गेलो, परत आलो, आणि वहिनींनी मागच्या दाराशी पाणी काढून ठेवलं होतं, कारण स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. ती बादली आणि तांब्या बघितला आणि कथा एकदम उघडली. आत्या भाच्याला घाबरवत नव्हतीच. ती आयुष्यभर केलं तेच करत होती, घरातलं माणूस स्मशानातून येणार म्हणून पाणी काढून ठेवत होती. प्रश्न एवढाच, की अजून कोणी गेलेलं नाहीये.

मग काटा, घशाची कोरड सगळं गेलं. तिसऱ्या खर्ड्यात भाच्याला हे सगळं समजतं आणि तो स्वतःशी बोलून दाखवतो, तेही चौथ्यात काढलं. त्याऐवजी शेजारचे बापूकाका सकाळी गडग्यापलीकडून जाता जाता थांबतात, बादलीकडे बघतात, डोक्यावरची टोपी काढतात आणि हळू आवाजात विचारतात, 'कोण गेलं रे?'

आत्तापर्यंतचं एकत्र सांगायचं तर इच्छा आधी ठरवा, मग ती इच्छा घराच्या रोजच्या शिस्तीत कुठे उमटेल ते शोधा, ती शिस्त भीती सुरू व्हायच्या आधी सहजपणे दाखवा आणि मग थोडं थोडं हलवा. हा क्रम माझा शोध नव्हे. एम. आर. जेम्स म्हणून इंग्रज लेखक होते, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या सुमारास मित्रांना स्वतःच्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचे, त्यांचा पहिला संग्रह १९०४ चा. त्यांनी पुढे १९२४ साली एका प्रस्तावनेत जवळपास हेच सांगितलंय, माणसं आपापल्या कामात, निवांत, परिसरावर खूश अशी दाखवा, मग त्या शांततेत ती अशुभ गोष्ट आधी हळूच डोकं वर काढू दे, नंतर जास्त ठळकपणे. आणि गोष्ट थोडी जुन्या काळात ठेवली तर बरं, असंही ते म्हणतात. आपल्याकडे हे जुन्या काळाचं फार पटतं कारण चिमणी, कंदील, पाणचूल, मागचं दार यांना वजन आहे. पण सक्ती नाही. आजच्या काळातली ठेवायची असेल तर मोबाईलची रेंज घालवून मोकळं होऊ नका, ती सगळेच घालवतात. मोबाईलला कामाला लावा. टॉर्चच्या उजेडात जेवढं वर्तुळ दिसतं तेवढंच दिसतं, कंदिलासारखा उजेड पसरत नाही, त्यामुळे वर्तुळाच्या जरा बाहेरची जागा उलट जास्त काळी होते.

मराठीत लिहिताना आपल्या हातात काही गोष्टी आयत्या आहेत त्या लोक वापरतच नाहीत. एक तर नपुंसकलिंग. 'दारात एक बाई उभी होती' म्हटलं की बाई दिसली, मामला मिटला. 'दारात कोणीतरी उभं होतं' म्हटलं की पुरुष का बाई, लहान का मोठं, काहीच ठरलेलं नाही, आणि वाचणारा ते ठरवायला धडपडतो. अजून एक पायरी खाली, 'दारात काहीतरी उभं होतं'. तीन वाक्यांत तीन वेगळ्या भीती, खर्च शून्य. दुसरं म्हणजे करणाऱ्याला वगळता येतं. 'कोणीतरी बादली भरून ठेवली' यात करणारा आला, 'बादली भरलेली होती' यात करणारा नाही, नुसती भरलेली बादली आहे आणि तुम्ही आहात. 'रहाट फिरल्याचा आवाज आला' हेही तसंच. तिसरं, आपलं क्रियापद शेवटी येतं, म्हणजे वाक्यातली खरी बातमी शेवटच्या शब्दापर्यंत अडवून धरता येते. बघा, 'मी दिवा लावला, मागे वळलो, आणि खाटेवरची चादर, जी सकाळी मी स्वतः घडी करून उशाला ठेवली होती, ती अंथरलेली होती'. हेच 'अंथरलेली चादर पाहून मी दचकलो' असं लिहिलं की सगळं गेलं, त्यात चादर कोणी अंथरली यापेक्षा मी दचकलो हे मोठं झालं.

त्यावरूनच, पात्र दचकलं, थरथरलं, किंचाळलं हे शब्द तुमच्या कथेत मी मोजले, सतरा वेळा आलेत. प्रत्येक वेळी पात्र घाबरतं तेव्हा वाचणाऱ्याच्या वाटची भीती ते खाऊन टाकतं. सतरापैकी एक ठेवा, अगदी शेवटाकडे. बाकी ठिकाणी तो काय करतो ते लिहा, नळ बघतो, चपला आत घेतो, आईला फोन लावतो आणि भलतंच काहीतरी बोलतो, भाजी काय केलीस वगैरे. त्या फोनमध्ये जास्त भीती आहे.

लांबीचं विचारलंत, त्याला एक उत्तर नाही, कुठे छापायचंय त्यावर आहे. दिवाळी अंकाची तीन-चार हजार शब्दांची कथा असेल तर पहिला हजार शब्द बिनभीतीचे चालतात, चालतात काय, हवेतच. तेच कोणी ऑडिओसाठी मागितलं तर ऐकणारा भांडी घासता घासता ऐकतोय, त्याला दोन-तीन मिनिटांत एक खटकणारी गोष्ट द्यावी लागते, आणि मी तिथे आजीची युक्ती वापरतो, शेवटाचा एक तुकडा पहिल्याच वाक्यात. मोबाईलवर वाचायच्या पाचशे शब्दांत तीन पायऱ्या बसत नाहीत, तिथे शिस्त एका वाक्यात आणि बदल एका वाक्यात, बस.

भूत दाखवायचंच का, हेही गोष्टीवर आहे. दाखवू नका असा नियम मी करणार नाही. चकव्याच्या गोष्टीत तर दाखवायला काही नसतंच, माणूस रात्रभर त्याच बांधावर फिरून येतो, तोच दगड, तेच झाड, आणि उजाडल्यावर बघतो तर घर हाकेच्या अंतरावर. पण मुंजाच्या गोष्टीत मुलगा दिसला तर बिघडत नाही, उलट आठ वर्षांचं पोर पिंपळाच्या पारावर एकटं बसलेलं दिसलं आणि त्याने साधं 'खेळायला येतोस?' विचारलं तर ते न दाखवण्यापेक्षा भारी आहे. दाखवलंत तर ते काम करताना दाखवा, घाबरवताना नको.

रिकामपणाचंही बघा, ते फुकट मिळणारं वातावरण नाही. मालवण तालुक्यात आचऱ्याची गावपळण ऐकली असेल, दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. लोक तिकडे राहुट्यांत मजेत असतात, भजनं, गाणी, जेवणं. पण मला कायम इकडचं गाव डोळ्यासमोर येतं. 'गाव ओस पडलं होतं' लिहिलं तर काहीच होत नाही. पहाटे कोंबडा आरवला नाही, कारण कोंबडेही नेलेत, असं लिहिलं की गाव खरंच रिकामं होतं.

आता तुमच्या वाईच्या कथेकडे. वाई निवडलीत तर वाई वापरा, सध्या ती कुठल्याही गावाची गोष्ट आहे. कृष्णा आहे, घाट आहेत, पावसाळ्यात पाणी पायऱ्या चढत वर येतं. वाड्यात राहणाऱ्या माणसाला रोज किती पायऱ्या बुडाल्या हे माहीत असणार, ती झाली शिस्त. तुमचा मुलगा वाडा विकायला आलाय, बाई त्याची कोण, हे ठरवा. समजा पणजी, आणि तिच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता, दर्भाचा करून उरकलं होतं, ही गोष्ट घरात कोणी बोलत नाही. मुलाला ती माहीत नाही, वाचणाऱ्यालाही नको. पहिल्या सकाळी चौकात एक कावळा. बसलाय, ओरडत नाही, नुसता बघतोय. मुलगा डब्यातली पोळी टाकतो, तो पोळीभोवती फिरतो, मान वाकडी करतो आणि खात नाही. दुसऱ्या सकाळी तीन. तिसऱ्या दिवशी दलाल येतो, कागद काढतो, किंमत ठरते, पेन हातात, आणि तेवढ्यात जिन्याच्या तोंडाशी बसलेली शेजारची म्हातारी आजी, जी आत्तापर्यंत फक्त चहा घेऊन यायची, ती वर कौलांकडे बघून हात जोडते आणि एक वाक्य बोलते, जसं दहाव्याला बोलतात तसं. काय बोलते ते मी सांगत नाही, ते तुम्हाला शोधायचंय, कारण तीच तुमच्या भुताची इच्छा. पण ती बोलल्यावर पोळीचं काय होतं तिथे कथा थांबवा, बाई दाखवू नका, उलटे पाय तर नकोतच. हा खर्डा झाला की इथे टाका, मी वाचीन.